सोयाबीनवर रोग ‘किती टक्के’? एकाच वावराची तीन उत्तरं

सप्टेंबर उजाडला की बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकरी ग्रुपांवर एक फोटो हमखास येतो. हातात धरलेलं सोयाबीनचं पान, त्यावर पिवळे किंवा तपकिरी डाग आणि खाली एक ओळ : ‘८० टक्के पीक गेलं.’ तासाभरात तो फोटो घाटावरून घाटाखाली आणि तिथून शेजारच्या जालना, अकोल्यापर्यंत पोचतो. कुणी औषध सुचवतो, कुणी कृषी सहायकाला टॅग करतो, कुणी विम्याचं विचारतो.

यात एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. ८० टक्के म्हणजे कशाचे ८० टक्के? शंभरातल्या ८० झाडांवर रोग दिसला? प्रत्येक पानाचा ८० टक्के भाग खराब झाला? की उत्पादन ८० टक्क्यांनी घटणार? या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. फवारणी करायची का, पुढच्या वर्षी कुठलं वाण घ्यायचं, पंचनामा होईल का, विम्याचे पैसे मिळतील का, हे सगळं कुठला आकडा धरला त्यावर ठरतं.

झाडांवरचा रोग मोजणं ही वनस्पती रोगशास्त्राची एक स्वतंत्र शाखाच आहे. तिच्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. वही, पेन, थोडा संयम आणि पाचवीपर्यंतचं गणित एवढ्यावर बरंच काम भागतं.

आधी शब्द नीट लावू

पहिला शब्द ‘प्रादुर्भाव’. शंभर झाडं पाहिली, त्यातल्या किती झाडांवर रोग आहे, एवढंच तो सांगतो. झाडावर एक ठिपका असो की अख्खं झाड वाळलेलं असो, मोजताना ते एकच रोगट झाड.

दुसरा शब्द ‘तीव्रता’. रोगट झाडाचा किंवा पानाचा किती भाग रोगाने व्यापला आहे, ते यात बघतात. पानाच्या दहाव्या हिश्शावर ठिपके असतील तर त्या पानाची तीव्रता १० टक्के.

तिसरा ‘नुकसान’. रोग नसता तर किती क्विंटल पिकलं असतं आणि प्रत्यक्षात किती पिकलं, यातला फरक. हे रोग दिसतो त्या दिवशी मोजता येतच नाही. ते काढणीनंतरच कळतं, तोवर सगळा अंदाज.

आपल्या बोलण्यात, बातम्यांत आणि कधी कधी सरकारी कागदांतही हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. ‘प्रादुर्भाव ८० टक्के’ ही बातमी वाचणाऱ्याच्या डोक्यात ‘नुकसान ८० टक्के’ म्हणून उतरते. निम्मा गोंधळ इथेच होतो.

पिवळं दिसतं ते सगळं रोग नसतं

मोजण्याआधी एक पायरी आहे आणि ती ओलांडली की पुढचं सगळं मोजमाप वाया. आपण नक्की काय मोजतोय?

सोयाबीन पिवळं पडायला अनेक कारणं असतात. पिवळा मोझॅक हा विषाणूजन्य रोग. काही भागांत त्याला केवडा म्हणतात, काही ठिकाणी हळद्या. तो पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. पानावर हिरव्या-पिवळ्या रंगाची वेडीवाकडी चट्टेदार नक्षी दिसते आणि सुरुवातीला रोगट झाडं वावरात विखुरलेली असतात. चुनखडीच्या जमिनीत लोहाची कमतरता पडली, तरी सोयाबीन पिवळं पडतं. पण तिथे शेंड्याकडची नवी पानं पिवळी होतात आणि त्यांच्या शिरा हिरव्या राहतात. पाणी साचलं तर खोलगट भागातला सगळाच तुकडा एकदम पिवळा होतो. खोडमाशी किंवा चक्रीभुंगा लागला असेल, तर झाडाचा वरचा भाग किंवा एखादी फांदी सुकते, आणि खोड चिरून पाहिलं की कारण सापडतं. मूळकूज किंवा खोडकूज असेल, तर झाड उपटून मुळं आणि खोडाचा बुडखा पाहावा लागतो. आणि लवकर येणारं वाण पक्व होताना पिवळं होतं, ते तर व्हायलाच हवं.

२०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये विदर्भात बऱ्याच ठिकाणी सोयाबीन अकाली पिवळं पडून वाळलं, तेव्हा हाच घोळ झाला. पिवळा मोझॅक, खोडकूज, मूळकूज आणि मधला पावसाचा खंड हे सगळं एकाच हंगामात एकत्र आलं. धुऱ्यावरून पाहणाऱ्याला सगळं एकसारखंच पिवळं दिसत होतं. उपटून पाहिल्याशिवाय कारण वेगळं करता येत नव्हतं, आणि कारण वेगळं केल्याशिवाय टक्का काढण्यात अर्थ नव्हता. विषाणूवर बुरशीनाशक मारून उपयोग होत नाही, हे अशा वेळी दुकानातलं बिल झाल्यावर कळतं.

जिथे झाडं मोजली की भागतं

काही रोगांत तीव्रतेच्या भानगडीत पडायची गरजच नसते. पिवळा मोझॅक त्यातलाच. विषाणू एकदा झाडात शिरला की झाडभर पसरतो. म्हणून शंभर झाडांपैकी किती झाडांवर लक्षणं आहेत, हा एक आकडा बराच कामाचा ठरतो. त्याच्या जोडीला पीक किती दिवसांचं आहे तेवढं लिहायचं. महिन्याभराच्या पिकात ५ टक्के झाडं दिसली, तर ती ताबडतोब उपटून नष्ट करण्यात शहाणपण आहे, कारण प्रत्येक रोगट झाड पांढऱ्या माशीला विषाणू पुरवणारा साठा असतो. शेंगा भरून झाल्यावर तेवढीच झाडं दिसली, तर या हंगामापुरतं फारसं बिघडत नाही.

हरभऱ्याच्या मर रोगाचंही तसंच. घाटावरच्या चिखली, मेहकर, लोणार पट्ट्यात सोयाबीन निघाल्यावर हरभरा हे रब्बीचं मोठं पीक. मर रोगाची बुरशी जमिनीत राहते आणि मुळांतून झाडात शिरते. झाड एक तर जगतं, नाही तर वाळतं. पेरणीनंतर उगवलेली झाडं मोजायची, मग ठरावीक दिवसांनी वाळलेली मोजायची, भागाकार करायचा. झालं.

हाच साधा भागाकार नवीन वाण निवडताना वापरतात. कृषी विद्यापीठं आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट ही संस्था मर रोगाचा मुद्दाम ‘आजारी’ ठेवलेला जमिनीचा तुकडा राखून असतात. तिथे मातीत बुरशी भरपूर असेल याची काळजी घेतली जाते. त्यात नव्या वाणांच्या ओळी पेरतात आणि मधे मधे जेजी ६२ या वाणाची ओळ घालतात. जेजी ६२ मर रोगाला पटकन बळी पडतं. ते मेलं नाही, तर समजायचं की त्या तुकड्यात रोगच पुरेसा नव्हता आणि बाकीच्यांची परीक्षा झालीच नाही. ते पूर्ण वाळलं आणि शेजारच्या ओळीत शंभरातली दहाच्या आत झाडं मेली, तर ती ओळ प्रतिकारक्षम. विदर्भात गाजलेलं जाकी ९२१८ हे हरभऱ्याचं वाण मर रोगाला प्रतिकारक म्हणून ओळखलं जातं. बियाण्याच्या पिशवीवर ‘मर रोगास प्रतिकारक्षम’ छापलेलं असतं, त्यामागे अशीच मोजणी असते. ‘प्रतिकारक्षम’ म्हणजे एकही झाड मरणार नाही असं मात्र नव्हे. दुकानात हे सहसा कुणी सांगत नाही.

जिथे पान बघावंच लागतं

पानावरचे ठिपके, करपा, तांबेरा या रोगांत झाडं मोजून काही हाती लागत नाही. सप्टेंबरच्या दमट हवेत सोयाबीनच्या जवळजवळ प्रत्येक झाडावर एखादा तरी ठिपका सापडतोच. प्रादुर्भाव शंभर टक्के! पण पीक ठणठणीत असू शकतं. इथे तीव्रता मोजावी लागते.

पानाचा नेमका किती टक्के भाग व्यापलाय हे डोळ्यांनी सांगणं अवघड, म्हणून श्रेणी ठरवून दिलेल्या असतात. सोयाबीनसाठी आपल्याकडे सर्वाधिक वापरात असलेली श्रेणी परभणीहून आली. डॉ. चारुदत्त मायी आणि व्ही. व्ही. दातार यांनी १९८६ साली मराठवाडा कृषी विद्यापीठातून रोग-मोजणीवर एक तांत्रिक पुस्तिका काढली. वेगवेगळ्या पिकांच्या वेगवेगळ्या रोगांसाठी मोजपट्ट्या एकत्र केलेली ही पुस्तिका आजही देशभरातल्या कृषी पदव्युत्तर प्रबंधांत उद्धृत होते. डॉ. मायी पुढे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे संचालक आणि नंतर देशाचे कृषी आयुक्त झाले. त्यांची बाकीची कामं जास्त प्रसिद्ध असतील, पण ही पुस्तिका सगळ्यात जास्त हाताळली गेली असावी असा आमचा अंदाज.

श्रेणी अशी. पान निरोगी असेल तर ०. एक टक्क्यापर्यंत भाग व्यापला तर १. एक ते दहा टक्के असेल तर ३. अकरा ते पंचवीस टक्के, ५. सव्वीस ते पन्नास टक्के, ७. आणि पन्नासच्या वर गेलं की ९.

आता एक उदाहरण करून पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, कुणा एकाच्या वावरातले नाहीत. समजा, चिखली तालुक्यातल्या एका एकरात पाच ठिकाणी थांबून, प्रत्येक ठिकाणी पाच झाडं घेऊन, प्रत्येक झाडाचं एक खालचं आणि एक वरचं अशी एकूण ५० पानं पाहिली. त्यात निरोगी १० निघाली. श्रेणी १ ची १५, श्रेणी ३ ची १२, श्रेणी ५ ची ८, श्रेणी ७ ची ४ आणि श्रेणी ९ चं एक पान.

पहिला आकडा सोपा. ५० पैकी ४० पानांवर रोग आहे, म्हणजे पानांचा प्रादुर्भाव ८० टक्के.

दुसरा आकडा म्हणजे ‘रोग निर्देशांक’. प्रत्येक श्रेणीला तिच्यातल्या पानांच्या संख्येने गुणायचं आणि बेरीज करायची : १५, ३६, ४०, २८ आणि ९, एकूण १२८. सगळी पानं ९ च्या श्रेणीत असती तर बेरीज ४५० झाली असती. १२८ ला ४५० ने भागून शंभरने गुणलं की साधारण २८ टक्के. हे सूत्र १९२३ साली अमेरिकेत मॅकिन्नी या शास्त्रज्ञाने गव्हाच्या रोपांवरच्या रोगासाठी वापरलं. थोड्याफार फरकाने आज अकोल्यात, परभणीत, राहुरीत तेच चालतं.

पण पानाचा खरोखर किती भाग व्यापलाय? प्रत्येक श्रेणीचा मधला टक्का धरून पुन्हा हिशोब करा. श्रेणी १ ला अर्धा टक्का, ३ ला साडेपाच, ५ ला अठरा, ७ ला अडतीस, ९ ला पंचाहत्तर. सगळ्यांची सरासरी येते सुमारे ९ टक्के.

एकच वावर, तीच ५० पानं, तोच दिवस. उत्तरं तीन : ८०, २८ आणि ९. तिन्ही बरोबर. फक्त प्रश्न वेगळे.

मधला २८ टक्क्यांचा आकडा सगळ्यात जास्त फसवतो, कारण तो टक्क्यात लिहिला जातो आणि पानाच्या भागाचा टक्का वाटतो. तसा तो नाही. १, ३, ५, ७, ९ हे अंक सारख्या अंतराने चढतात, पण त्यामागचा पानाचा भाग तसा चढत नाही. श्रेणी ३ च्या पानापेक्षा श्रेणी ९ चं पान तिप्पट खराब नसतं, तेरा-चौदा पट खराब असू शकतं. मग निर्देशांक निरुपयोगी का? अजिबात नाही. एकाच मोजपट्टीने पाच वाणं किंवा चार औषधं एकमेकांशी ताडून पाहायची असतील, तर तो चांगलं काम करतो. पण ‘निर्देशांक २८’ आला म्हणून ‘२८ टक्के पीक गेलं’ असं म्हणता येत नाही.

गव्हाच्या तांबेऱ्याची मोजपट्टी तर आणखी मजेशीर आहे. ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या नेथन कॉब यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पानावरच्या तांबेऱ्याची चित्रं काढून पहिली पट्टी बनवली. १९४८ साली तिची सुधारित आवृत्ती आली आणि ती आजही जगभर वापरतात. तिच्यात १०० टक्के तांबेरा म्हणजे प्रत्यक्षात पानाचा फक्त ३७ टक्के भाग फोडांनी व्यापलेला! त्याहून जास्त फोड पानावर मावणार नाहीत असं धरून तेवढ्यालाच शंभर म्हटलं गेलं. तेव्हा कुणी टक्का सांगितला की ‘कुठल्या पट्टीने?’ असं विचारण्यात काही आगाऊपणा नाही.

डोळे काय काय फसवतात

श्रेणी देणारा शेवटी माणूसच. दोन जणांनी तेच पान पाहिलं तर एक ३ म्हणतो, दुसरा ५. रोग कमी असताना माणूस तो जास्त सांगतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. एका मोठ्या डागापेक्षा तेवढ्याच जागेत विखुरलेले वीस बारीक ठिपके डोळ्यांना जास्त वाटतात. त्यात नुकसान होण्याची धास्ती असलेला माणूस मोजत असेल, तर हात आणखी सैल सुटतो. त्यात कुणाचा खोटेपणा असेलच असं नाही. नजर जिथे वाईट आहे तिथे आपोआप जाते, एवढंच.

१९४५ साली हॉर्सफॉल आणि बॅरट या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी यावर एक तोड सुचवली. त्यांचं म्हणणं असं की, निम्म्यापेक्षा कमी पान रोगट असेल तर डोळा रोगट भाग मोजतो आणि निम्म्यापेक्षा जास्त असेल तर उरलेला हिरवा भाग मोजतो. म्हणून त्यांनी दोन्ही टोकांना बारीक आणि मधे रुंद अशी पट्टी केली. ती अनेक दशकं वापरात राहिली. नंतरच्या संशोधकांनी दाखवून दिलं की सराव झालेला माणूस थेट टक्का बऱ्यापैकी अचूक सांगू शकतो आणि मधल्या रुंद खान्यांमुळे उलट माहिती हरवते.

सराव कसा होतो? चित्रांनी. ज्यांचा रोगट भाग नेमका माहीत आहे अशा पानांची चित्रं समोर ठेवायची, १ टक्का असा दिसतो, ५ असा, २५ असा. १९७१ मध्ये क्लाइव्ह जेम्स यांनी कॅनडात अशा चित्रांचं एक पुस्तकच काढलं. पहिल्यांदा ही चित्रं बघणारा जवळजवळ प्रत्येक जण चकित होतो. ज्याला आपण ‘अर्धं पान गेलं’ म्हणत होतो ते प्रत्यक्षात दहा-पंधरा टक्के निघतं.

मोबाइलवरच्या फोटोतून टक्का काढणारी ॲप आली आहेत. सपाट ठेवलेल्या एका पानावर, चांगल्या उजेडात, ती ठीक चालतात. हिरवा रंग किती, तपकिरी किती, असा हिशोब यंत्र करतं. सावली पडली, पान ओलं असलं किंवा मागे माती आली की गडबडतात. रोगाचं नाव सांगणारी ॲप निराळी आणि रोग किती ते मोजणारी निराळी, हे लक्षात ठेवलेलं बरं. आणि कितीही चांगलं ॲप असलं, तरी कुठलं पान तोडायचं हे माणूसच ठरवतो. सगळ्यात वाईट पान तोडून आणलं तर ॲप त्या पानाचं खरं उत्तर देईल, वावराचं नाही.

एकाच दिवसाचा आकडा पुरत नाही

समजा, दोन वावरं आहेत. काढणीआधी दोन्हींत तीव्रता ४० टक्के. पहिल्यात दर दहा दिवसांनी मोजलेले आकडे ०, ५, १०, ४० असे. दुसऱ्यात ०, २०, ३५, ४०. शेवटचा आकडा सारखाच, पण दुसऱ्या वावरातलं पीक शेंगा भरण्याच्या काळात कितीतरी जास्त रोग सोसत होतं.

हे एका आकड्यात पकडण्यासाठी शास्त्रज्ञ रोगाचा आलेख काढून त्याच्या रेषेखालचं क्षेत्रफळ मोजतात. लागोपाठच्या दोन मोजण्यांची सरासरी घ्यायची, मधल्या दिवसांनी गुणायची, सगळ्यांची बेरीज करायची. पहिल्या वावराचं उत्तर येतं ३५०, दुसऱ्याचं ७५०. दुपटीहून जास्त. काही वाणांवर रोग येतो पण सावकाश वाढतो. अशी वाणं एकाच दिवशीच्या पाहणीत नापास होतात आणि या हिशोबात वर येतात. एकदाच येऊन पाहणी करून जाणाऱ्या माणसाला हे कधीच दिसत नाही.

मग विमा आणि पंचनामा कशावर?

इथे बहुतेकांचा गैरसमज होतो. पानावरचा रोग किती टक्के आहे, यावर विम्याची भरपाई ठरत नाही. कधीच ठरत नव्हती.

पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. कीड आणि रोग तिच्यात येतात, पण ‘उत्पादनातली घट’ या मार्गाने. महसूल मंडळात ठरावीक संख्येने पीक कापणी प्रयोग होतात. निवडलेल्या वावरात ठरावीक मापाचा तुकडा आखून तिथलं पीक कापतात, मळतात, तोलतात. त्यावरून मंडळाचं सरासरी उत्पादन निघतं. ते उंबरठा उत्पादनापेक्षा जेवढं कमी, त्या प्रमाणात मंडळातल्या सगळ्या विमाधारकांना भरपाई. उंबरठा उत्पादन काढताना मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी धरतात आणि तिला जोखीमस्तराने गुणतात.

७२ तासांत कळवायची जी तरतूद सगळ्यांच्या तोंडी होती, ती गारपीट, पाणी साचणं, ढगफुटी अशा स्थानिक आपत्तींसाठी. पिवळा मोझॅक त्या यादीत नव्हता. एक रुपयात विमा २०२३ च्या खरिपापासून होता. २०२५ च्या खरिपापासून राज्याने तो बंद केला. शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्के झाला, स्थानिक आपत्तीचे निकषही काढले आणि भरपाई कापणी प्रयोगावर आणून ठेवली. म्हणजे तुमच्या वावरात मोझॅकने धुमाकूळ घातला, पण मंडळातल्या बाकीच्या गावांत पीक बरं आलं, तर हाती काही लागणार नाही. यात शेतकऱ्याला वाटणारा अन्याय खरा आहे; पण त्याची तक्रार पानाचा फोटो दाखवून करता येत नाही. कापणी प्रयोग कुठे झाले, कधी झाले, समोर कोण होतं, हे विचारावं लागतं. ग्रामपंचायतीत तो दिवस विचारून ठेवणं आणि त्या दिवशी तिथे हजर राहणं हे शंभर फोटोंपेक्षा जास्त उपयोगाचं.

पंचनाम्याचा निकष वेगळा. आपत्ती निधीतून मदत मिळायला पिकाचं ३३ टक्के किंवा जास्त नुकसान दाखवावं लागतं. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती. कापसावरच्या गुलाबी बोंडअळीने २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाडा हादरला, तेव्हा याच ३३ टक्क्यांच्या निकषावर पंचनामे झाले. बोंड फोडून आत अळी आहे की नाही हे मोजता येतं. पण त्या झाडावरचा कापूस किती कमी होणार हे पंचनाम्याला आलेल्याने नजरेनेच ठरवायचं असतं. ३० आणि ३५ यात नजरेला काडीचाही फरक कळत नाही, पण एकाला मदत आणि दुसऱ्याला नाही.

तिसरं माप पैसेवारी, जुन्या माणसांची आणेवारी. ती गावाची, आणि ५० पैशांच्या खाली की वर यावर सवलती अवलंबून. तिचाही पाया कापणी प्रयोगच.

रोगाची तीव्रता आणि नुकसान यांच्यात थेट गुणोत्तर नसतं, हे यामागचं शास्त्रीय कारण. फुलोऱ्याआधी अळ्यांनी सुमारे एक तृतीयांश पानं खाल्ली तरी सोयाबीन बरेचदा नवी पानं फोडून सावरतं. तेवढीच पानं शेंगा भरताना गेली तर दाणा बारीक राहतो. दाणा भरून झाल्यावर गेली तर काही फरक पडत नाही, ती तशीही गळणारच होती.

जिल्ह्यात कोण मोजतं?

२००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात पानं खाणाऱ्या अळ्यांनी सोयाबीनचा फडशा पाडला. तो येताना कुणाला दिसलाच नाही, कारण गावोगाव दर आठवड्याला मोजणारं कुणी नव्हतं. त्यानंतर २००९ पासून राज्याच्या कृषी विभागाने क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू केला. सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा, भात अशा पिकांची ठरावीक वावरं निवडून नियमित निरीक्षणं घ्यायची, ती एका ठिकाणी जमा करायची आणि मर्यादेच्या वर गेलं की तिथल्या शेतकऱ्यांना सल्ला द्यायचा, असं त्याचं काम. आपल्या जिल्ह्यासाठी शास्त्रीय सल्ला अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ देतं. बुलढाणा आणि जळगाव जामोद इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत. संशयास्पद झाड मुळासकट, मातीसह तिथे नेलं तर रोगाचं नाव पक्कं करून मिळतं. नुसतं पान नेऊ नका, निम्म्या रोगांचं उत्तर मुळात असतं.

जिल्हा एक असला तरी मोजायचं पीक आणि रोग बदलतात. घाटावर पाऊस वेगळा, जमीन वेगळी, सोयाबीनचा जोर. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात पऱ्हाटी, आणि काही भाग खारपाण पट्ट्यातला. संग्रामपूर, जळगाव जामोदकडे संत्र्याच्या बागा. संत्र्याच्या डिंक्या रोगात पानं मोजत बसलात तर चुकाल. खोडाच्या घेरापैकी किती भागाची साल कुजली आहे, ते बघायचं. देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडे भाजीपाल्याच्या बीजोत्पादनाची शेडनेट आहेत. तिथे एक विषाणूबाधित झाडही महाग पडतं, कारण माल बियाणं म्हणून जाणार असतो.

तुमच्या वावरात, अर्ध्या तासात

धुऱ्यापासून आत शिरा. कडेच्या चार-पाच तासांत रोग बरेचदा वेगळा असतो, ती सोडा. नागमोडी चालत पाच ठिकाणी थांबा. थांबायचं ठिकाण आधीच ठरवा, उदाहरणार्थ दर चाळीस पावलांनी, म्हणजे नजर वाईट झाडाकडे ओढली जाणार नाही. पावलं संपली तिथे जे झाड पायाशी येईल ते घ्या. प्रत्येक ठिकाणी ओळीतली सलग दहा झाडं बघा आणि रोगट किती ते लिहा. ठिपक्यांचा रोग असेल तर तिथल्या पाच झाडांची एक खालचं, एक वरचं अशी पानं पाहून श्रेणी द्या. मर किंवा मूळकूज असेल तर ती ठिगळाठिगळाने येते, पाच ठिकाणं कमी पडतील, दहा करा आणि ठिगळं कुठे आहेत त्याचा कच्चा नकाशा काढा. सकाळी मोजा, दुपारी कोमेजलेलं निरोगी झाडही रोगट वाटतं. आठ-दहा दिवसांनी त्याच वावरात पुन्हा मोजा.

आणि ग्रुपवर टाकायचंच असेल तर फोटोखाली ‘८० टक्के गेलं’ ऐवजी असं काही लिहा : ‘मेहकर तालुका, जेएस ३३५, पेरणी २५ जून, आज ६० वा दिवस. पाच ठिकाणी ५० झाडं पाहिली, १४ झाडांवर पिवळा मोझॅक. मागच्या आठवड्यात ६ होती.’ एवढ्यावर कृषी सहायकही सल्ला देऊ शकतो आणि अकोल्यात बसलेला शास्त्रज्ञही. वाणाचं नाव तर लिहाच. १९९४ पासून विदर्भात पसरलेलं जेएस ३३५ पिवळ्या मोझॅकला सहज बळी पडतं, आणि शेजारच्या वावरात त्याच दिवशी पेरलेल्या दुसऱ्या वाणावर पन्नासात दोनच झाडं रोगट निघाली, तर पुढच्या जूनमध्ये कुठली पिशवी आणायची याचं उत्तर तुमच्या वहीतच असेल.